चुनखडीच्या जमिनीत बरसीम, लसूणघास आणि त्यांचे जिवाणू

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे गाव लागते. येथून एक रस्ता आष्टीकडे व दुसरा आर्वीकडे फुटतो. आष्टी, आर्वी आणि कारंजा (घाडगे) हे तीन तालुके म्हणजे गवळाऊ जातीच्या गाईबैलांचे माहेरघर होय. नंद गवळी समाजाने ही जात पिढ्यान् पिढ्या सांभाळली ती मारवेल, पवन्या, कुसळी अशा गवतांच्या कुरणांवर. आज कुरणे आकसली आहेत आणि जनावर गव्हाणीवर आले आहे. गव्हाणीत असते ते सोयाबीनचे, तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार आणि थोडाफार कडबा. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने अवघी ३ ते ४ टक्के असतात. उरलेली तूट सरकीची ढेप विकत आणून भरून काढावी लागते आणि ढेपेचा भाव दुधाच्या भावाला विचारून वाढत नाही.

म्हणून विहिरीला पाणी असलेले शेतकरी बंधू बरसीम किंवा लसूणघासाचे दोनचार वाफे करून पाहतात. बियाणे उगवते, महिनाभर बरे दिसते आणि मग पीक पिवळे पडून जागच्या जागी थांबते. पहिली कापणी कशीबशी मिळते, दुसरी मिळत नाही. "आपल्या वावराला बरसीम मानवत नाही," असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वर्षी ते वाफे कांद्याला जातात. पुष्कळ ठिकाणी दोष वावराचा नसतोच. त्या पिकाला लागणारा जिवाणू त्या मातीत कधी आलेलाच नसतो. हा जिवाणू कोणता, तो कसा आणावा आणि आला की नाही हे कसे ओळखावे, ते या लेखात पाहू.

गाठ म्हणजे काय?

एक हेक्टर जमिनीवर उभ्या असलेल्या हवेत सुमारे ७८ हजार टन नत्र असतो. परंतु तो ज्या रूपात असतो त्या रूपात कोणत्याही पिकाला घेता येत नाही. युरियाच्या कारखान्यात हा नत्र प्रचंड दाब व उष्णता देऊन बांधावा लागतो. तेच काम द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींमध्ये साध्या तापमानाला होते. जर्मनीतील हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात हे प्रयोगाने सिद्ध केले आणि १८८८ मध्ये बायजेरिंक या डच शास्त्रज्ञाने गाठीतील जिवाणू वेगळा काढून वाढविला.

गाठ हा रोग नव्हे, तो व्यवहार आहे. कोवळे मूळ मातीत विशिष्ट द्रव्ये सोडते. ती ओळखणारा जिवाणू जवळ असेल तर तो उलट खूण देतो. मग मुळावरील केस वाकडा होतो, जिवाणू आत शिरतो आणि दोनतीन आठवड्यांत गाठ दिसू लागते. झाड जिवाणूला साखर पुरविते, जिवाणू झाडाला नत्र देतो. गाठीच्या आत एक लालसर द्रव्य असते. आपल्या रक्तातील लाल द्रव्याच्याच जातीचे ते असून प्राणवायू बेताबेताने पुरविण्याचे काम करते. ते तयार होण्यास लोह लागते. गाठ कापल्यावर आतून गुलाबी किंवा लाल निघाली तर ती काम करीत आहे असे समजावे. पांढरी, हिरवट किंवा मऊ पडलेली गाठ बिनकामाची असते.

हा व्यवहार झाडाला फुकट पडत नाही. मातीत आयता नत्र भरपूर असेल तर झाड जिवाणूला पोसण्याच्या भानगडीत पडत नाही. बरसीमला पेरतेवेळीच युरियाचा मोठा हप्ता दिला की पीक हिरवेगार दिसते, पण गाठी धरत नाहीत आणि मग प्रत्येक कापणीला युरिया द्यावाच लागतो.

शेंग येते त्या प्रत्येक वनस्पतीला गाठी असतात, असा एक समज आहे. आपल्या धुऱ्यांवर पावसाळ्यात माजणारा तरोटा उपटून पाहावा. शेंगा भरपूर, परंतु मुळावर गाठ एकही नसते. तरोट्याची भाजी चवीची होते खरी, पण जमिनीला तो हवेतील नत्र देत नाही.

रायझोबियम हे आडनाव आहे

गाठी करणाऱ्या जिवाणूंना सरसकट रायझोबियम म्हणतात. हे एका घराण्याचे आडनाव समजावे. दुकानात जाऊन नुसते "रायझोबियम द्या" म्हटले तर आपल्या भागात बहुधा सोयाबीनचे पाकीट हातात पडते, कारण खप त्याचाच असतो. सोयाबीनचा जिवाणू बरसीमच्या मुळावर गाठ करीत नाही. पैसा गेला, कष्ट गेले आणि वर "जिवाणू खत काही कामाचे नाही" असा ग्रह मात्र पक्का झाला.

चाऱ्याच्या दृष्टीने तीन गट लक्षात ठेवावेत. पहिला लसूणघासाचा गट. लसूणघास, मेथी आणि सेंजी यांचा जिवाणू एकच. जुन्या पुस्तकांत त्यास रायझोबियम मेलिलोटी म्हटले आहे, आता त्याला एन्सिफर मेलिलोटी म्हणतात. घराजवळच्या ज्या वाफ्यात वर्षानुवर्षे मेथीची भाजी होते तेथे लसूणघास पहिल्याच वर्षी बरा येतो, त्याचे एक कारण हे असू शकते. दुसरा गट बरसीमचा. बरसीम हे मूळचे इजिप्तचे पीक. ते १९०४ मध्ये सिंध प्रांतात आणले गेले आणि तेथून उत्तरेकडील कालव्यांच्या मुलखात पसरले. आपल्या काळ्या जमिनीत त्याचे भाऊबंद नाहीत, त्यामुळे त्याचा जिवाणूही नाही. नव्या वावरात संवर्धक न लावता पेरलेले बरसीम उपाशीच राहणार. पिवळ्या वाफ्यांची बहुतेक गोष्ट येथेच संपते.

तिसरा गट चवळीचा, म्हणजे आपल्याकडच्या बरबटीचा. बरबटी, मूग, उडीद, तूर, भुईमूग, गवार ही सर्व मंडळी याच गटातील हळू वाढणाऱ्या जिवाणूंशी जमवून घेतात. तूर-मूग-उडीद आपल्या वावरात पिढ्यान् पिढ्या होत आले आहेत, म्हणून या गटाचे जिवाणू जमिनीत आधीच असतात. बरबटीला संवर्धक लावल्याने नुकसान नाही, उलट निवडक व जोमदार जिवाणू मिळतो. परंतु विसरले तरी पीक हातचे जात नाही. बरसीमच्या बाबतीत मात्र तशी सवलत नाही. वाटाणा, मसूर व लाखोळी यांचा गट आणखी वेगळा आणि हरभऱ्याचा त्याहून वेगळा. त्यांची पाकिटे बरसीमला चालत नाहीत.

थंड मुलखाची शिफारस आणि आपली जमीन

द्विदल चाऱ्यासंबंधीचे पुष्कळसे ज्ञान थंड व आम्लधर्मी जमिनींच्या प्रदेशातून आले आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा दक्षिण भाग, युरोप आणि आपल्याकडे हिमालयाच्या उतरणी व निलगिरीचे डोंगर हे ते प्रदेश. तेथील अडचण अशी की सामू साडेपाचच्या खाली गेला म्हणजे लसूणघासाचा जिवाणू तग धरत नाही. तो या घराण्यातील सर्वांत नाजूक गणला जातो. आम्लधर्मी मातीत विरघळलेले ॲल्युमिनियम व मँगेनीज मुळांना बाधते, मुळावर जिवाणूचा शिरकाव होताना लागणारे कॅल्शियम कमी पडते आणि मॉलिब्डेनम मातीतच अडकून राहते. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲण्डरसन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले की, मॉलिब्डेनमच्या अगदी अल्प मात्रेने तेथील क्लोव्हरची कुरणे सुधारतात. त्यात थंडीची भर पडते. मुळाभोवतीची माती १० अंश सेल्सिअसच्या खाली गेली की जिवाणू आत शिरण्याचे काम झाडाच्या वाढीपेक्षाही जास्त मंदावते. म्हणून तिकडे जमिनीला चुना देतात, जिवाणू लावलेल्या बियाण्यावर चुन्याच्या भुकटीचा लेप देतात, आणि थंडी पडण्याच्या आत पेरणी उरकतात.

ही शिफारस चांगलीच आहे, पण ज्या जमिनीसाठी आहे त्या जमिनीसाठी. आपल्या राज्यात कोकणातील जांभ्या दगडाच्या आम्लधर्मी जमिनीत तिचा विचार करता येईल. तळेगाव-आष्टी भागातील जमीन काळ्या बसाल्ट खडकापासून झालेली आहे. नाल्याकाठी खोल काळी, उंचवट्यावर हलकी, मुरमाड बरड. काळ्या जमिनीचा सामू साधारणतः साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो आणि वखरताना चुनखडीचे खडे वर येतात. निसर्गाने आधीच भरपूर चुना घातलेल्या जमिनीत पुन्हा चुना टाकणे म्हणजे खर्च करून नुकसान विकत घेणे होय. चुना वाढला की पिकाला लोह मिळेनासे होते, आणि लोह नसेल तर गाठीतील लाल द्रव्य तयार होत नाही. तेव्हा बियाण्यावर चुन्याचा लेप आपल्याकडे देऊ नये. मॉलिब्डेनमचीही घाई करू नये, कारण विम्लधर्मी जमिनीत ते सहज उपलब्ध असते. वावराचा सामू व चुनखडीचे प्रमाण माती परीक्षणातून कळते. वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी यासाठी सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

तरीसुद्धा तिकडच्या दोन गोष्टी आपल्याला उपयोगी पडतात. पहिली, आम्लाचा धोका. आपल्या जमिनीत आम्ल नाही, पण पेरणीच्या टोपलीत ते असू शकते. सिंगल सुपर फॉस्फेट हे खत स्वतः आम्लयुक्त आहे. संवर्धक लावलेले बियाणे या खतात कालवून एकत्र फेकले तर जिवाणू जमिनीपर्यंत जिवंत पोचत नाहीत. खत आधी मातीत मिसळावे, बियाणे स्वतंत्रपणे पेरावे. दुसरी गोष्ट थंडीची, तिचा विचार पेरणीच्या वेळेबरोबर करू.

बियाण्यास संवर्धक लावणे

बरसीमच्या बियाण्यात कासनी या तणाचे बी मिसळलेले असते. ते काढण्यासाठी १० टक्के मिठाच्या पाण्यात (१० लिटर पाण्यास १ किलो मीठ) बियाणे टाकून ढवळावे आणि वर तरंगणारे हलके बी काढून टाकावे. येथे एक चूक हमखास होते. खाली बसलेले बियाणे तसेच निथळून त्यावर जिवाणू लावला जातो. मिठाने जिवाणू मरतात. बियाणे साध्या पाण्याने दोनतीन वेळा स्वच्छ धुऊन मगच पुढचे काम करावे. लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेलीचे बी असण्याचा धोका असतो. एकदा ती वाफ्यात शिरली की काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून बियाणे प्रमाणितच घ्यावे.

सर्वसाधारण शिफारस १० ते १५ किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे एक पाकीट अशी असते. बारीक बियाण्यास ती अपुरी पडते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावयास हवेत. म्हणजे एका पाकिटात १२५० कोटी. बरबटीच्या १० किलो बियाण्यात सुमारे १ लाख दाणे असतात, तेव्हा प्रत्येक दाण्याच्या वाट्याला सव्वा लाख जिवाणू येतात. बरसीमच्या १० किलोत सुमारे ३३ लाख दाणे असतात आणि दर दाण्यास जेमतेम पावणेचार हजार जिवाणू मिळतात. त्यातून उन्हात, वाळण्यात आणि दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली मेलेले वजा करावेत. बारीक दाण्यावर निदान हजारभर जिवाणू जिवंत राहिले पाहिजेत असे मानतात. म्हणून नव्या वावरात बरसीम व लसूणघासाच्या १० किलो बियाण्यास एकाऐवजी दोन पाकिटे वापरावीत. पाकिटाची किंमत बियाण्याच्या किमतीपुढे काहीच नाही.

पाकिटावर पिकाचे नाव व अंतिम मुदत वाचूनच ते घ्यावे. घरी आणल्यावर माठाजवळच्या थंड जागेत ठेवावे, खते व औषधांच्या खोलीत ठेवू नये. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून उकळावा आणि पूर्ण थंड होऊ द्यावा. कोमट गुळवणीसुद्धा चालणार नाही. त्यात पाकीट मिसळून पातळ रबडीसारखे मिश्रण करावे. बियाणे सावलीत गोणपाटावर पसरून, लागेल तेवढेच मिश्रण शिंपडत हलक्या हाताने चोळावे. दाण्यादाण्याला काळसर थर बसला पाहिजे, पण दाणे एकमेकांना चिकटून गोळे होता कामा नयेत. सावलीतच सुकवून त्याच दिवशी, शक्यतो उतरत्या उन्हात पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे, जिवाणू सर्वांत शेवटी. द्रवरूप संवर्धक मिळाल्यास ते वापरावयास सोपे पडते, मात्र पिकाचा गट तेथेही पाहून घ्यावा.

पेरणी, थंडी आणि पाणी

बरसीमची पेरणी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या महिन्यात करावी. सप्टेंबरच्या उन्हात कोवळी रोपे जळतात. डिसेंबरपर्यंत लांबविले तर बी उगवते, पण गाठी धरण्याच्या ऐन वेळी थंडीच्या रात्री येतात, रोपटे पिवळे राहते आणि फेब्रुवारीत ऊन तापू लागल्यावर वाढीस वेळ उरत नाही. पंजाबात बरसीमच्या सहासात कापण्या होतात असे ऐकून आपण हिरमुसू नये. आपला हिवाळा आखूड आहे. वेळेवर पेरणी केली तर चार, फार तर पाच कापण्या धराव्यात. पहिली कापणी ४५ ते ५० दिवसांनी व नंतरच्या २५ ते ३० दिवसांनी येतात. हेक्टरी २५ ते ३० किलो बियाणे लागते. लसूणघास बहुवर्षीय असल्यामुळे तीन वर्षेपर्यंत ठेवता येतो. त्याला २० ते २५ किलो बियाणे पुरते, पण पाण्याचा निचरा होणारी मध्यम जमीन हवी.

बरसीमला हेक्टरी २० किलो नत्र, ८० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे. २० किलो नत्र म्हणजे ४३ किलो युरिया. गाठी धरेपर्यंतच्या तीन आठवड्यांची ती शिदोरी आहे, त्याहून अधिक देऊ नये. ८० किलो स्फुरद म्हणजे १६ टक्क्यांचे ५ क्विंटल सुपर फॉस्फेट. हा आकडा मोठा वाटतो, परंतु गाठीचे काम स्फुरदावाचून चालत नाही आणि चुनखडीच्या जमिनीत टाकलेल्या स्फुरदाचा बराच भाग अडकून पडतो. चांगले कुजलेले शेणखत भरपूर असेल तर हा अडकणारा भाग कमी होतो.

पाण्याच्या बाबतीत भारी काळ्या जमिनीत हात आखडता ठेवावा. हलके पाणी ८ ते १२ दिवसांच्या अंतराने द्यावे. वाफ्यात पाणी साचून राहिले तर मातीतील हवा निघून जाते. नत्र हवेतून यावयाचा, तेव्हा हवाच नसेल तर गाठ गुदमरते. पुष्कळदा पिवळे पडलेले पीक पाहून आणखी पाणी दिले जाते आणि दुखणे वाढते.

या भागात विहिरीचे पाणी प्रथम संत्र्याच्या बागेला जाते. बागेच्या दोन ओळींतील मोकळ्या जागेत बरसीम घ्यावे का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. फळावर आलेल्या बागेत घेऊ नये. आंबिया बहारासाठी बागेला डिसेंबर-जानेवारीत ताण द्यावयाचा असतो आणि बरसीमला नेमके त्याच वेळी पाणी हवे असते. ताण बिघडला तर बहार बिघडतो आणि चार वाफ्यांच्या चाऱ्यासाठी बागेचे उत्पन्न घालविणे परवडणारे नाही. नव्या, अद्याप फळे न धरलेल्या बागेत पावसाळी बरबटी घेण्यास हरकत नाही. ती आळ्यापासून दूर पेरावी आणि फुलोऱ्यात कापून घ्यावी.

गाठी तपासणे

पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी हे काम अवश्य करावे. रोप हाताने ओढले तर गाठी मातीतच तुटून राहतात. फावड्याने ढेकळासह पाचसहा रोपे काढावीत, बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावीत आणि हलवून माती सुटू द्यावी. मग मुळे पांढऱ्या कापडावर पसरून पाहावीत. बरसीम व लसूणघासाच्या गाठी लहान, लांबट, तांदळाच्या कणीसारख्या असतात. बरबटीच्या गाठी गोल व मोठ्या असतात. नखाने किंवा ब्लेडने कापून आतला रंग पाहावा. सूत्रकृमीमुळे येणाऱ्या गाठी वेगळ्या ओळखाव्यात. त्यांत मूळच फुगलेले असते आणि ती फुगवटी मुळापासून वेगळी निघत नाही. जिवाणूची गाठ बोटाने सहज सुटते.

पानांच्या पिवळेपणातही फरक आहे. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची उपासमार आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांतील शिरा मात्र हिरव्या असतील तर तो लोहाचा तुटवडा आहे. तेथे युरियाने काही साधत नाही, हिराकसाच्या अर्ध्या टक्क्याच्या फवारणीने पाने सुधारतात. शंका असल्यास एका वाफ्याच्या दोन हात पट्ट्यात ओंजळभर युरिया टाकून पाणी द्यावे. आठ-दहा दिवसांत तेवढाच पट्टा गर्द हिरवा झाला तर बाकीच्या पिकाला जिवाणू मिळालेला नाही हे उघड होते. पट्टा व बाकीचे पीक सारखेच हिरवे राहिले तर गाठी आपले काम करीत आहेत.

गाठी आढळल्या नाहीत तर पीक मोडू नये. बरसीमची दोनतीन पाकिटे ५० किलो चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सायंकाळी एकरभर वाफ्यांत फेकावीत व लगेच हलके पाणी द्यावे. नवी मुळे फुटतात तशा गाठी धरू लागतात. तोपर्यंत पीक जगविण्यासाठी कापणीनंतर थोडा युरिया द्यावाच लागेल. पाकीट मिळतच नसेल तर जुना, पाकिटांच्या आधीचा उपाय आहे. ज्याचे बरसीम दोनतीन वर्षे चांगले येत आहे त्याच्या वाफ्यातील वरची वीतभर ओली माती एकरी एक-दोन क्विंटल आणून, ऊन उतरल्यावर फेकून मातीआड करावी. या मातीबरोबर तणांचे बी व रोगही येऊ शकतात, म्हणून हा दुसऱ्या पसंतीचा उपाय समजावा.

एकदा जिवाणू आला म्हणजे कायमचा झाला असेही नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उघड्या काळ्या मातीचा वरचा थर त्याहूनही तापतो. त्यात पुष्कळ जिवाणू मरतात. बरसीमला दरवर्षी संवर्धक लावावा.

बरड जमीन व धुरे

ओलिताची सोय नसलेल्या बरड जमिनीसाठी स्टायलो हे द्विदल चारा पीक उपयोगी आहे. मारवेलीसारख्या गवतात मिसळून ते घेता येते. स्टायलोच्या बियाण्याचे कवच टणक असते. सुमारे ८० अंश तापलेल्या पाण्यात चारपाच मिनिटे ठेवून, थंड पाण्यात टाकून, सावलीत सुकवून मग संवर्धक लावावा. उलट क्रमाने केले तर जिवाणू शिजतील. स्टायलोच्या बहुतेक जाती चवळी गटाच्या जिवाणूंवर भागवितात आणि ते आपल्या मातीत आहेत. सीब्राना ही जात मात्र जड, विम्लधर्मी जमिनीत चांगली टिकत असली तरी तिला स्वतःचे खास जिवाणू लागतात. बियाणे घेताना जात विचारून घ्यावी. स्टायलो पहिल्या वर्षी हळू वाढतो, त्या वर्षी त्यात जनावरे सोडू नयेत.

किती क्षेत्र, किती नत्र

दोन दुभत्या गाईंना रोज प्रत्येकी २० किलो बरसीम चार महिने द्यावयाचे तर सुमारे ४८ क्विंटल हिरवा चारा लागतो. हेक्टरी ५०० क्विंटल उत्पादन धरले तर १० आर, म्हणजे पाव एकर जागा पुरे होते. एकदम अर्धा एकर करण्याऐवजी एवढेच क्षेत्र नीट करून पाहावे.

बरसीम किंवा लसूणघास दव असताना, ओला व एकटा खाऊ घालू नये. पोटफुगीने जनावर तासाभरात दगावू शकते. कापून दोनतीन तास सुकू द्यावा आणि कुटारात किंवा कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्यावा. त्यामुळे कुटारही चवीने खाल्ले जाते.

लसूणघासाच्या वाळलेल्या चाऱ्यात १८ टक्के प्रथिने धरली तर एका टनात सुमारे २९ किलो नत्र असतो, म्हणजे ६३ किलो युरियाइतका. हा एक टन वाळलेला चारा सुमारे ५ टन हिरव्या चाऱ्यापासून मिळतो. गाठी चांगल्या असतील तर यातील बराचसा नत्र हवेतून आलेला असतो. परंतु तो वावरात राहत नाही, कापणीबरोबर गोठ्यात जातो. द्विदल चारा घेतला की जमीन आपोआप सुधारते, असे जे सांगितले जाते ते मुळे व पालापाचोळ्यापुरतेच खरे आहे. बाकीचा नत्र शेणमूत्रातून परत न्यावा लागतो. प्रथिनयुक्त चारा खाणाऱ्या जनावराच्या शरीराबाहेर पडणाऱ्या नत्रापैकी निम्मा किंवा त्याहूनही अधिक मूत्रात असतो आणि आपल्या गोठ्यांत तोच जमिनीत मुरतो किंवा उडून जातो. गव्हाणीतले उरलेले, जनावराने न खाल्लेले कुटार रोज संध्याकाळी गाईच्या मागच्या पायांखाली पसरावे आणि सकाळी ते भिजलेले कुटार शेणासह उकिरड्यात टाकून वरून मातीचा पातळ थर द्यावा.